लोअर परळच्या टपावर वाळवंट

अहो, चाललंय तरी काय या लोअर परळात? सकाळचे साडेनऊ, सेनापती बापट मार्गावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत, आणि बघावं त्या थार गाडीच्या टपावर दोन नारिंगी फळ्या! भोकाभोकांच्या, दातेरी, पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. आत मालक एसी लावून बसलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्यावर मोहिमेचा ताण. कुठे निघाली स्वारी? सहारात? जैसलमेरला? छे हो! कमला मिलपासून पेनिन्सुला पार्कपर्यंत. वाटेत वाळू लागलीच तर एखाद्या टॉवरच्या बांधकामापुढे सांडलेली. ती ओलांडायला फळी कशाला, चप्पल पुरते.

या फळ्यांना म्हणतात ट्रॅक्शन बोर्ड. गाडी वाळूत, चिखलात रुतली की चाकाखाली सरकवायच्या आणि गाडी अलगद वर काढायची. एन. एम. जोशी मार्गावरच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना आधी ती केबलवाल्याची मोडकी शिडी वाटली. एकाने हटकलंच, ‘‘काय रे, माळ्यावरचं सामान काढूक निघालंस काय?’’ पोरगा म्हणाला, ‘‘नाय हो काका, गाडी रुतली तर चाकाखाली घालायची.’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘मगे रुतूक जातंस कित्याक?’’ या प्रश्नाचं उत्तर लोअर परळात अजून कोणी दिलेलं नाही.

ही साथ आली कुठून, तेही आपल्याला ठाऊक आहे. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली आणि आयुष्यात कधी माथेरानच्या पलीकडे न गेलेली माणसं एकदम डोंगरदऱ्यांची भाषा बोलायला लागली. 2023 च्या जूनमध्ये जिम्नी आली, 2024 च्या स्वातंत्र्यदिनी पाच दारांची थार रॉक्स आली. थार बनते नाशिकला, कंपनीचा टॉवर वरळीत, म्हणजे आपल्या नाक्यापलीकडेच. मग लोअर परळ मागे राहील होय? गाडी आली, पाठोपाठ टपावरचं कॅरिअर आलं, स्नॉर्केल आलं, विंच आला, जेरी कॅन आला आणि सगळ्यांच्या डोक्यावर या फळ्या बसल्या.

बरं, यातल्या कितीतरी गाड्या फोर-बाय-फोर नाहीतच! जानेवारी 2023 मध्ये मागच्या दोनच चाकांना ताकद देणारी स्वस्तातली थार आली आणि लोकांनी तीच उचलली. हसावं की रडावं? पण थांबा, हसण्याआधी एक गोष्ट पदरात बांधून घ्या. फळ्यांची खरी गरज याच गाडीला! चारही चाकं ओढणारी गाडी निदान धडपड तरी करते. दोनच चाकं ओढणारी वाळूत बसली की फळीशिवाय तिला वाली नाही. म्हणजे ज्याला आपण नुसता दिखाऊ म्हणून हसतो, तो हिशेबाने सगळ्यात शहाणा. त्याला मात्र हे सांगू नका, आधीच आभाळाला डोकं टेकवून चालतोय तो.

आणि पार्किंगचं काय सांगावं! गिरणीच्या जमिनीवर उभा राहिलेला टॉवर, त्याच्या पोटात पार्किंग, छताला पाइपांचं जाळं. गाडी आधीच उंच, वर कॅरिअर, त्यावर फळ्या. मॉलच्या दाराशी उंची मोजणारा तो लोंबता दांडा फळ्यांना लागतो, खट्ट! मागे दहा गाड्यांचे हॉर्न. वॉचमन धावतो. साहेब उतरतात, पायरीवर चढतात, पट्ट्या सोडतात, फळ्या काढून मागच्या सीटवर कुटुंबाच्या मांडीवर ठेवतात. हिमालय सर करायला निघालेली गाडी बेसमेंट टूमध्ये हरते! गाडी रुतल्यावर फळ्या काढायच्या असतात म्हणे. आपल्याकडे फळ्यांमुळेच गाडी अडकते. हा शोध लोअर परळचाच, पेटंट घेऊन टाकावं.

आता खरं सांगायचं, तर त्या फळ्या चालतात हो. चांगल्या चालतात. वाळूत चाक जागच्या जागी गरगर फिरलं की गाडी पुढे जात नाही, चाक खाली जातं, स्वतःच खड्डा करून त्यात बसतं. फळी वजन पसरवते आणि तिचे दाते टायरला पकड देतात. एकटी गाडी असेल, ओढायला दुसरं कोणी नसेल, तर याहून बिनधोक उपाय नाही. दोर बांधून दुसऱ्या गाडीने हिसका दिला आणि हुक तुटला तर तो हुक कोणाच्या कपाळात जाईल ते सांगता येत नाही. फळीत असला ताण साठत नाही.

पण ती घालायची कशी, हे आपल्या टपवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? आधी टायरमधली हवा सोडायची, तीस-बत्तीस पीएसआयवरून पंधरा-अठरावर. टायर चपटा होतो, वाळूवरचा पाया लांबतो, आणि निम्म्या वेळा गाडी तेवढ्यानेच निघते, फळीला हात लावावा लागत नाही! मग फावड्याने चाकापुढची वाळू उपसायची. गाडीचं पोट जमिनीला टेकलं असेल तर पोटाखालचीही उपसायची, नाहीतर चाकाखाली जगातल्या सगळ्या फळ्या घाला, चाकं अधांतरीच फिरत राहणार. मग फळी टायरला भिडवून तिरकी खुपसायची, लो रेंज असेल तर टाकायची आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा की झोपलेलं मूल उठू नये. आपले वीर काय करतात? थेट पाय आपटतात! टायर फिरतो, घासून तापतो, नायलॉनचे दाते वितळतात, आणि फळी सुसाट मागे उडते. मागे रील काढत उभ्या असलेल्या मित्राची नडगी हीच तिची पहिली शिकार.

कोकणातल्या लाल चिकट चिखलात तर गंमत आणखी. दात्यांमध्ये माती भरली की फळी गुळगुळीत होते आणि चिखलात गडप होते. म्हणून जाणती माणसं तिला दोरी बांधून ठेवतात, नाहीतर गाडी निघते आणि महागडी फळी तिथेच गाडली जाते. गावचा माणूस तोवर दोन चिरे, चार झावळ्या आणि एक गोणपाट घालून आपला टेम्पो काढून निघूनही गेलेला असतो.

म्हणजे कामाच्या वस्तू तीन: हवा मोजायचं गेज, हवा परत भरायचा छोटा पंप आणि फावडं. या त्रिकुटाला कोणी टपावर मिरवतं का? नाही! कारण ते नारिंगी नसतं.

आणि चाकाखाली फळी घालायची ही अक्कल आपल्याला परदेशातून आणावी लागली म्हणे! अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर गेलात कधी? महापालिका वाळूवर लोखंडी प्लेटा अंथरते, मूर्तींच्या ट्रॉल्या आणि ट्रक रुतू नयेत म्हणून. लालबाग-परळचा कार्यकर्ता कित्येक टनांचं धूड वाळूवरून समुद्रात नेतो, तेही ढोलाच्या गजरात, लाखोंच्या गर्दीत. त्याने कधी टपावर प्लेट बांधून मिरवलं?

या फळ्यांची मूळ कथा तर याहून खमंग. 1929 च्या सुमारास राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला. गाड्या रुतायच्या. त्याने कैरोच्या भंगारवाल्याकडून पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला बनवलेल्या पोलादी पन्हळी उचलल्या आणि चाकांखाली घातल्या. पुढे 1941 मध्ये त्याने वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथही लिहिला. म्हणजे मूळ माल भंगारातला! नायलॉनची नारिंगी आवृत्ती, मॅक्सट्रॅक्स, ऑस्ट्रेलियातून 2005 मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याला तेव्हा फळ्या नव्हे, होड्या हव्या होत्या. आजही हिंदमाताला पाणी तुंबलं की टपावरच्या फळ्या तशाच दिमाखात भिजत उभ्या असतात. डांबरी रस्त्यावर गुडघाभर पाण्यात बंद पडलेल्या गाडीला फळी काय करणार? चहाचा ट्रे म्हणून वापरायची?

यावर कडी केली ती रेवदंड्याने. 2024 सरता सरता तिथल्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत बसली. कोटींची गाडी, शेकड्यांनी अश्वशक्ती, आणि बाहेर काढली कोणी? बैलगाडीने! दोन बैल, आठ पाय, आठही चालू. तो व्हिडिओ आपण किती वेळा पाहिला, खरं सांगा? ‘‘श्रीमंतांचे चोचले’’ म्हणत म्हणत पाहिला, सासरच्या ग्रुपवर टाकला, माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा पाहिला.

एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. किनाऱ्यावर गाडी घालू नये, बस. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या घरट्यांवरून टायर फिरवून वर फळ्या टाकून ‘रेस्क्यू’चं रील करणाऱ्याला आपण वीर म्हणायचं? पोलिसांनी गुन्हा नोंदवला की मग तोंड लपवायला फळी बरी पडते.

पण आपण बोलून काय होणार? साथ घराघरात शिरलीये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘‘टपावरच्या वस्तूंमुळे लिफ्ट पार्किंगला धोका’’ असा ठराव मांडणारे सेक्रेटरी आठवतात? त्यांच्या हॅचबॅकवर आता फळ्या आहेत. हॅचबॅकवर! जमिनीपासून वीतभर वर असलेली गाडी, स्पीडब्रेकरला पोट घासते, आणि वर वाळवंटाची तयारी. एक सीए आहेत, त्यांनी फळ्यांवर घसारा लावता येईल का याचा विचार चालवलाय. पोलादी निग्रहाच्या वहिनी, ज्यांनी नवऱ्याला ‘‘फळी आणलीस तर तिच्यावरच झोपशील’’ असं बजावलं होतं, त्यांनी परवा स्वतःच्या जिम्नीसाठी मागवल्या. हिरव्या, गाडीला मॅचिंग. नवऱ्याच्या नारिंगी त्यांना भडक वाटतात.

आणि तुम्ही? नाक मुरडू नका. ही चर्चा इथवर वाचलीत ती काय निव्वळ समाजप्रबोधनासाठी? रात्री साडेअकराला फोनवर ‘सगळ्यात चांगले ट्रॅक्शन बोर्ड’ कोणी शोधले? गाडी नाही हो आपल्याकडे, लोकलचा पास आहे, तरी किंमत बघितलीच ना? स्वस्तातली घेऊ नका एवढंच सांगते. ठिसूळ प्लास्टिकची पहिल्याच चाकाखाली कडकन मोडते. घ्यायची तर नायलॉनची घ्या, सोबत फावडं आणि गेज घ्या, आणि एकदा तरी कोणी बघत नसताना कुठल्या मोकळ्या रेताड मैदानावर गाडी मुद्दाम रुतवून बघा. रंग मात्र नारिंगी नको. सी विंगच्या पाटलांनी कालच घेतलाय.