डोक्यावरचा स्वल्पविराम

इंग्रजी अर्जाच्या अखेरीस, स्वाक्षरीच्या वर, 'युअर्स फेथफुली' या शब्दद्वयाची जी प्रतिष्ठापना करावी लागते, तिच्यातील 'युअर्स'च्या शेवटच्या अक्षराआधी, वरच्या अंगाला, वैयाकरण ज्याला अपॉस्ट्रफी म्हणतात तो टांगलेला स्वल्पविराम लावण्याची जी वहिवाट अवघ्या खानदेशात पडली आहे, तिच्या निर्मूलनाचे कार्य मी कोणी न सांगता शिरावर घेतले, आणि तेव्हापासून कचेऱ्यांबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांत माझ्याविषयी जो काही आदर होता, तो झपाट्याने ओसरू लागला.

व्याकरण माझ्या बाजूचे आहे, याविषयी शंका नको. हे सर्वनाम मुळातच स्वामित्वदर्शक; त्याला षष्ठीचे चिन्ह पुन्हा चिकटवणे म्हणजे 'आपल्याचा विश्वासू' असे लिहिण्यापैकी आहे. परंतु धुळ्यात कडुनिंबाखाली जुने रेमिंग्टन मांडून बसणाऱ्या एका वृद्ध टंकलेखकापुढे हे निरूपण चालले असता माझ्या ध्यानात आले, की ही चूक आळसातून उपजलेली नाही. त्या यंत्रावर हे चिन्ह आठाच्या आकड्याच्या माथ्यावर राहते. म्हणजे भरधाव चाललेला हात आवरून, करंगळीने शिफ्ट दाबून धरून, आठावर प्रहार केल्यावाचून ते कागदावर उतरत नाही. इतके कष्ट मनुष्य निष्काळजीपणाने घेत नसतो. "हाऊ टिपका नही ऱ्हायना तं अर्ज बोडका दिखस, भाऊ," असे म्हणून त्याने असा काही ठोसा हाणला की कागदास आरपार भोक पडले. आणि अर्जदार, शिंदखेड्याकडचा एक शेतकरी, त्या भोकाकडे सरकारी मोर्तब झाल्याच्या समाधानाने पाहत राहिला.

1906 साली खानदेशाची वाटणी होऊन पूर्व भाग जळगावकडे व पश्चिम भाग धुळ्याकडे गेला. पण हा टिपका दोन्ही भावांच्या हिश्शाला सारखाच आलेला दिसतो. जळगावात एका डाळमिलीत कारकुनी मागणाऱ्या पदवीधराचा अर्ज मी पाहिला. अनोळखी 'डिअर सर'ला 'फेथफुली' आणि नावानिशी संबोधनाला 'सिन्सिअरली' हा साहेबाचा दंडक, या तरुणाने दोन्ही घातली होती, दोन्हींना टिपका होता, आणि "मागायचीच नोकरी, तर कसर कशाला ठेवायची?" हा त्याचा युक्तिवाद मला आजतागायत खोडता आलेला नाही.

ज्या धुळ्यात 1926 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला, तेथे अस्सल कागदावाचून वाद घालणे शोभत नाही, म्हणून मी जुन्या इंग्रजीचा धांडोळा घेतला. तो अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडातील शिष्ट मंडळी हा शब्द टिपक्यासह लिहीत, आणि जेन ऑस्टिनच्या काळच्या छापील पुस्तकांतही तो तसाच आढळतो, असे निष्पन्न झाले! 1818 साली खानदेशात कंपनीचा अंमल बसला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास ठाणे केले, तेव्हा साहेबाच्या दौतीतून हा टिपका गळतच असला पाहिजे. साहेबाने तो मागाहून टाकला, आपण इमानाने सांभाळला.

ही हकीकत त्या टंकलेखकास सांगण्याचा मोह मला आवरला नाही. आता एखाद्या मास्तराने टिपक्यास हरकत घेतलीच, तर तो स्वतः वाद घालत नाही. मास्तराला थेट माझ्या घराचा पत्ता देतो.