जुलैतली शोधाशोध

शाळाबाह्य मूल शोधावं तर आपल्या सरकारनं, आणि तेही जुलैत. 4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसात अशी पोरं हुडकली. मोजून झालं की बोटाला मतदारासारखी शाई. 2022 साली 'मिशन झिरो ड्रॉपआउट' निघालं, 5 ते 20 जुलै. मुहूर्त बिनचूक! जुलैत पुसेगावचंच काय, अख्ख्या सेनगाव तालुक्यातलं पोर गावातच असतं. सोयाबीन उगवलेलं, पुस्तकं नवी, खिचडी गरम.

पोरं गळतात दिवाळीनंतर. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्चलेली असते. ट्रॅक्टर दारात लागतो आणि भांडीकुंडी, शेळी, पोरं असं सगळं बिऱ्हाड ट्रॉलीत चढतं. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराला त्यात रकाना नाही, काम मात्र आहे. आठ वर्षांच्या ताईनं कोपीवर धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, दुपारी वाढ्याच्या पेंढ्या बांधायला हात लावायचा. ही मोजणी जानेवारीत फडावर जाऊन करा, असं मात्र कुणी सुचवू नये. मिशनचं नाव बदलावं लागेल.

उपाय नाहीत म्हणणाऱ्याची जीभ झडो! गावाला बाल संरक्षण समिती आहे, जिल्ह्याला बालक कल्याण समिती आहे, फोन करायला 1098 आहे. निघताना पोराला शिक्षण हमी कार्ड मिळतं. टोळी कर्नाटकात गेली तर ते कन्नड गुरुजींना दाखवावं आणि त्यांनी गहिवरावं. आजीजवळ मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे. मंजुरीचा कागद हंगाम संपायच्या आत निघाला तर जेवणही आहे. गरीब घरच्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून 1992 पासून हजेरीच्या दिवसाला 1 रुपया भत्ता ठरला. मुकादमाच्या उचलीसमोर रुपया उतरवायचा, याला छाती लागते.

राहिला दंडाचा उपाय. इंग्लंडात परवानगीशिवाय शाळा बुडली तर आईबापाला 80 पौंड दंड होऊ शकतो. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलं, दंड काही ठेवला नाही. बरंच केलं. दंड ठोकला असता तर बापानं तो भरला असता मुकादमाकडूनच आणखी उचल घेऊन, आणि ती फेडायला पुढच्या साली ताईलाही कोयता धरायला लावला असता.