मुंबई ते न्यूयॉर्क: एक जमाखर्च

मुंबईहून पुणे किती लांब, असं विचारलं तर कोणीही सांगेल, ‘ट्रॅफिक नसेल तर तीन तास.’ किलोमीटर कोण मोजतो! न्यूयॉर्कचंही तेच. जवळच्या वाटेनं अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, पण लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या काकूंच्या लेखी ते ‘23 किलोच्या दोन बॅगा’ एवढंच. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. काटा पुढे सरकला म्हणून डिंकाचे लाडू ऐनवेळी पर्समध्ये आले.

काका बँकेतून निवृत्त. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान वर वर सरकताना पाहून ते ताठ बसले.

“अहो, हा उत्तरेला कुठे निघाला? अमेरिका पश्चिमेला ना?”

“पायलटला ठाऊक असेल. तुम्ही झोपा,” काकू म्हणाल्या.

शेवटी मी एक लाडू मागून घेतला आणि शालीचा सुटलेला धागा त्यावर ताणून धरला. एका बाजूला मुंबई, पलीकडे न्यूयॉर्क. घट्ट ओढताच धागा आपोआप लाडवाच्या माथ्याकडे सरकला. भिंतीवरच्या नकाशात जी वाट लांबची दिसते, तीच गोलावर जवळची. म्हणून ग्रीनलँड वाटेत लागतं. कुठल्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो, ते वेगळं. काकांना पटलं. पटल्यावर त्यांनी ग्रीनलँड खाऊन टाकलं.

“पण जाताना सोळा तास आणि येताना चौदा, हे कसं? अंतर तर तेच!”

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जबर झोत वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीत.

“मग परतीचं तिकीट स्वस्त का नाही?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर दोन रकाने आखले. पहाटे 2 ला निघालो, तिथे सकाळी 8.30 ला उतरणार. घड्याळानं साडेसहा तास! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्याची ही करामत. परतताना दुपारी 1 ला निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 12.30 ला मुंबई. म्हणजे साडेतेवीस तास. साडेसहा आणि साडेतेवीस, तीस. सोळा आणि चौदा, तेही तीस!

“जुळलं!” काका एवढ्यानं ओरडले की पुढच्या रांगेतलं बाळ जागं झालं.

काकूंनी डोळ्यांवरची पट्टी वर केली. “आणि माझी झोप कुठे मांडलीत?”

काकांनी नॅपकिन खालीवर पाहिला. “ती बुडीत खात्यात.”