मचाणाखालच्या वासाचा तपास

पेनसिल्व्हानियाच्या किंवा विस्कॉन्सिनच्या रानात, नोव्हेंबरातल्या पहाटे, मचाणावर अंग आखडून बसलेल्या शिकाऱ्याच्या नाकात अनोळखी वास शिरला की त्याला सर्वप्रथम आठवतो तो तीनशे पावलांवरचा दुसरा मचाणवाला. ‘त्यानेच काहीतरी ओतलंय!’ या निष्कर्षाप्रत पोचण्यापूर्वी कोणता तपास करावा, याचे हे मार्गदर्शन. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा मराठी वाचकाला मचाणाचा थेट उपयोग नाही. पण शेजाऱ्यावर संशय घेण्याची कला आपल्या गृहनिर्माण संस्थांतही चांगली रुजलेली असल्याने पद्धत कामी यावी. प्रतिपादन एवढेच, की संशयितांच्या यादीत प्रतिस्पर्धी अगदी शेवटी येतो, आणि त्याच्या आधी येणाऱ्यांत एक खुद्द फिर्यादी असतो.

पहिली पायरी, वासाला नाव देणे. ‘घाण वास’ ही नोंद ग्राह्य धरली जाणार नाही. कुजकट, कुबट, खवट, आंबूस, करपट, ओशट अशी तयार वर्गवारी मराठीत आहे, ती वापरावी. समजा, वास मुतकट आणि जड आहे. मग अभिनंदन! नोव्हेंबर हा व्हाइटटेल हरणांच्या माजाचा काळ. नर एखाद्या लोंबत्या फांदीखालची माती खुरांनी उकरतो, फांदीला कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो, आणि मागचे पाय जुळवून, त्यांच्या आतल्या बाजूच्या केसांच्या झुबक्यांवरून मूत्र खाली सोडतो. ते झुबके माजात काळेभोर होतात आणि त्यांचा दर्प माणसाच्या दुबळ्या नाकालाही कळतो. म्हणजे ज्या वासाबद्दल तक्रार चालली आहे, तो सावजाने स्वतः येऊन ठेवलेला निरोप आहे. गंमत अशी, की हाच वास हरणाच्या मूत्राच्या बाटलीतून आला तर शिकारी त्याला रोख पैसे मोजतो. काही राज्यांनी या बाटल्यांवर बंदी घातली, कारण १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसलेल्या, हरणांना झिजवून मारणाऱ्या रोगाचे दूषित प्रथिन मूत्रातूनही बाहेर पडते. फुकट आणि ताजे मिळत असताना कुरकुर कशाला?

वास कुजकट असेल तर आधी आकाशाकडे, मग जमिनीकडे पाहावे. कावळ्यांचा गलका असेल तर जवळपास कुणीतरी हरीण सोलून आतडी तिथेच टाकली असतील, किंवा गोळी लागून निसटलेले जनावर झुडपात पडले असेल. टर्की व्हल्चर नावाचे गिधाड घिरट्या घालत असेल तर पुरावा अधिक पक्का, कारण ते इतर अनेक गिधाडांसारखे नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही, वासाने मढे शोधते. काहीच सापडले नाही तर पाचोळा उकरावा. कुजक्या मांसासारखा वास मारून माश्या बोलावणारी आणि त्यांच्या पायांवरून आपले बीजाणू धाडणारी अळंबी त्या रानांत असते. तिला प्रतिस्पर्ध्याने फितवले असण्याची शक्यता कमी.

स्कंकचा वास असेल तर स्कंक.

इथे फिर्यादीचा आक्षेप येतो: माणसे खोडी करतात, हे तुम्ही नाकारता का? नाही. हरणे पळवायला साबणाच्या वड्या, माणसाचे केस, डांबराच्या गोळ्या वापरण्याची युक्ती जुनी आहे, आणि कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गुन्हा आहे. पण हरणांना पिटाळणाऱ्या औषधांत सडक्या अंड्यांचा अर्क असतो, आणि ती औषधे प्रामुख्याने खपतात ट्यूलिप वाचवू पाहणाऱ्या घरमालकांत. न्यू जर्सीतल्या एखाद्या कुलकर्णीकाकूंनी परसात फवारा मारला आणि वारा रानाकडे वळला, एवढ्यावर कटाचा आरोप टिकत नाही. शिवाय हेतू तपासा. तुमच्या जागेवरून बिथरलेले हरीण प्रतिस्पर्ध्याकडेच जाईल, याची हमी त्याला कुणी दिली? आणि वास ओतायला येणारा माणूस हवेतून येत नाही. ओल्या मातीत बुटांचा ठसा, ताजी छाटलेली फांदी, कॅमेऱ्यातला एखादा खांदा, यातले काहीतरी दाखवा, मग बोलू.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: हरणे रोज येत होती, वास आला आणि ती थांबली. पण त्याच आठवड्यात ओकची फळे दुसऱ्या टेकडीवर पडली असतील, पलीकडच्या शेतातला मका कापला गेला असेल, किंवा हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या गोळीबारानंतर हरणांनी फिरण्याची वेळ रात्रीवर नेली असेल. वास सकाळी येतो आणि ऊन चढल्यावर जातो, हेही घातपाताचे लक्षण नव्हे. गार हवा पहाटे उताराने खाली ओघळते, तापली की वर चढते. वरच्या अंगाला जे काही कुजते त्याची खबर तेवढा वेळ खाली पोचते. आणि खाली बसलेल्याची वर.

आता मुख्य संशयिताकडे. हा गृहस्थ बिनवासाच्या साबणाने अंघोळ करतो, कोळशाच्या थराचा महागडा सदरा पाइनच्या काड्यांसोबत डब्यात जपतो, आणि तोच सदरा घालून पेट्रोल भरतो, कुत्र्याशेजारी गाडीत बसतो, बेकन खातो, कॉफीचा थर्मास घेऊन झाडावर चढतो. एवढे करूनही त्याला थंडीत पहाटे तीनला उठायची हौस उरते, याचे कौतुक केलेच पाहिजे. पण हरणाच्या नाकाला कौतुक समजत नाही. त्यावर एकच उपाय चालतो: वारा तोंडावर घेऊन बसणे. वारा फिरला की उतरावे, मचाण कितीही आवडते असो.

वारा पाहायला जाणते शिकारी खिशात मिल्कवीडची म्हातारी ठेवतात. आपल्या रुईचीच ही नातलग, तशीच रेशमी आणि हलकी. एक सोडावी आणि डोळे मिटेपर्यंत नव्हे, दिसेनाशी होईपर्यंत बघत राहावे: पन्नास पावलांवर ती खाली बसते की वर उठते, ओढ्याकडे वळते की कड्याकडे. ती जर सरळ तीनशे पावलांवरच्या त्या मचाणाकडे गेली, तर तिकडे बसलेला माणूसही या क्षणी नाक वर करून तुमचेच नाव घेत असणार. त्यालाही या मार्गदर्शनाची एक प्रत द्यावी; आणि जाताना थर्मास न्यावा, वासाचे नुकसान होऊन गेलेच आहे.