तीन मिनिटांचा वनवास

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचं शहर आहे. एप्रिल उजाडला की तिथले लोक स्वतःची घरं रिकामी करून पळत सुटतात. गोल्फमधली मानाची 'मास्टर्स' स्पर्धा तेव्हा तिथे भरते, जगभरचे शौकीन येऊन थडकतात आणि एरवी कुणी ढुंकून न पाहिलेल्या घरालाही भाडेकरू मिळतो. तिकडच्या प्राप्तिकर कायद्याने यावर कळसच चढवलाय. राहतं घर वर्षातून १४ दिवसांपर्यंत भाड्याने दिलं, तर त्या भाड्यावर कर नाही. लोक या सवलतीला 'ऑगस्टा रूल' म्हणतात. उभा जन्म बँकेत काढलेल्या मला हे ऐकून गहिवरून आलं.

गहिवर ओसरला तो भाच्याच्या पुढच्या वाक्याने.

"म्हणून मामा, मी आपलं घर या आठवड्यापुरतं देऊन टाकलंय. आपण तंबूत राहायचं."

सांगलीहून निघताना हिने मेतकूट, भाजणी, सांडगे, हिंगाची डबी असं सगळं घेतलं होतं. तंबूत राहायची तयारी त्यात नव्हती. भाचा डॉक्टर आहे, त्यामुळे वाईट बातमी हसतमुखाने सांगायची त्याला सवय आहे. "मामी, मोकळ्या हवेत मजा येते गं," एवढं म्हणून त्याने गाडीची डिकी लावली.

मास्टर्सची तिकिटं सोडतीने मिळतात, आत मोबाइल नेता येत नाही, आणि सोडतीत आमचं नाव निघेल असं आमच्या कुठल्याच पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. तेव्हा वॉशिंग्टन रोडवरून जाताना जी उंच हिरवी भिंत दिसली तेवढंच आमचं ऑगस्टा नॅशनल. पुढे पाऊण तासाच्या आत अ‍ॅपलिंगजवळचं वाइल्डवुड पार्क आलं. सॅव्हाना नदीवरच्या धरणाचं पसरलेलं पाणी आणि काठाला पाइनचं दाट रान. थोरली गादी ऑगस्टाला आणि धाकटी पाती इथे, कारण डिस्क गोल्फ या खेळाचं आंतरराष्ट्रीय केंद्र २००७ पासून याच रानात आहे. अठरा-अठरा टोपल्यांचे तीन कोर्स, तिन्ही झाडीत.

खेळ समजायला सोपा आहे. चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क, काठीऐवजी आपला हात आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. डिस्क साखळ्यांवर आदळली की खळ्ळकन आवाज होतो आणि ती आत पडते. सगळ्यात कमी फेकींत जो अठरा टोपल्या गाठेल तो जिंकला. लांब जाणारी धारदार कडेची डिस्क म्हणजे ड्रायव्हर, जवळून अलगद टाकायची जाड कडेची ती पटर, मधल्या पल्ल्याची आणखी वेगळी. भाच्याच्या पाठपिशवीत अशा इतक्या डिस्क होत्या की हिला वाटलं स्टीलच्या ताटल्यांना पर्याय म्हणून जेवायला आणल्यात.

"मामा, उजव्या हाताने अशी फेकली की वेग कमी झाल्यावर ती डावीकडे झुकते. तेवढं धरून फेका."

मोकळ्या मैदानात एवढ्या ज्ञानावर माणसाचं निभतं. इथे डावीकडे झाड होतं. उजवीकडेही होतं. समोर तर होतंच. डिस्क सगळ्यात लांब फेकण्याचा विक्रम २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनियर या माणसाने केला, ३३८ मीटर! केला कुठे, तर नेवाडाच्या वाळवंटात. शहाणा माणूस.

रानातल्या खेळाडूंचं एक लाडकं वचन आहे: झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच असते. मी फेकलेल्या प्रत्येक डिस्कला उरलेले दहा टक्के अचूक सापडत होते. बँकेत कुणी असा ताळेबंद पुढे केला असता तर मी त्याच्यावर सही केली नसती. आधी 'टक्' आवाज यायचा, मग काही क्षण शांतता, मग दूर कुठेतरी पाल्यात 'सळ्ळ'. त्या दोन आवाजांमध्ये डिस्क कुठल्या दिशेला गेली हे फक्त झाडाला ठाऊक. कधी मात्र खोडावर आपटून ती नेमकी वाटेवर परत येते, याला 'किक' म्हणतात. अशा वेळी सोबतचे सगळे "नाइस किक!" असं मनापासून अभिनंदन करतात. आपलं कर्तृत्व शून्य, झाडाचं शंभर, आणि पाठ थोपटायची आपली. सरकारी खात्यांत पदोन्नती कशी होते ते मला त्या रानात समजलं.

त्यात तो पाइनच्या परागांचा हंगाम. गाड्या, तंबू, टोपल्या, माणसं, सगळं पिवळं. सोमवती अमावास्येला जेजुरीचा गड उतरून आल्यावर माणूस जसा दिसतो, तसे आम्ही दिवसभर दिसत होतो. फरक एवढाच की जेजुरीला शिंका येत नाहीत. जमिनीवर पाइनच्या सुयांचा जाड थर, आणि डिस्क त्याच्याखाली अशी सरकते की नावगाव मागे राहत नाही. खेरीज पॉयझन आयव्ही. त्या वेलीला तीन-तीन पानं असतात आणि अंगाला लागली की दिवसेंदिवस खाज जात नाही. तीन पानं दिसली की भक्तिभावाने हात पुढे करणाऱ्या आमच्यासारख्यांना, तीन पानं दिसली की हात मागे घ्या, हे पटायला वेळ लागतो. हिने तर एक वेल जवळजवळ शंकराला वाहिलीच होती, भाचा ओरडला म्हणून वाचलो.

आता नियम. हरवलेली डिस्क शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडली नाही तर एका फेकीचा दंड, आणि परत मागे जाऊन फेका. मात्र तुम्ही मदत मागितली की गटातल्या प्रत्येकाला तुमच्याबरोबर शोधावंच लागतं, प्रतिस्पर्धी असला तरी. मला हा नियम जगातल्या सगळ्या क्रीडानियमांत थोर वाटतो. कल्पना करा, फलंदाजाचा चष्मा पडलाय आणि अकराही क्षेत्ररक्षक खेळपट्टीवर गुडघे टेकून तो शोधताहेत! दुसरा नियम याच्या उलट, निर्दयी. डिस्क झुडपात पडली तर तिथूनच पुढची फेक करायची आणि उभं राहताना झुडूप कमीत कमी हलवायचं. फांदी मोडायची नाही. फांदीला माझं काहीही मोडायची पूर्ण मुभा.

या सगळ्याला कारणीभूत असलेल्या माणसाचं नाव एड हेडरिक. व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत असताना त्याने फ्रिस्बी सुधारली आणि १९६७ साली तिचं पेटंट घेतलं. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स त्यानेच आखला, पुढच्या वर्षी खेळाडूंची संघटना काढली आणि तिचा सदस्य क्रमांक एक स्वतःकडे ठेवला. साखळ्यांच्या टोपलीचं पेटंटही त्याचंच. टोपली येण्याआधी लोक खांबांवर, कचऱ्याच्या डब्यांवर आणि झाडांवर नेम धरत. म्हणजे जुन्या नियमांनी खेळवलं असतं तर त्या दिवशी मला हरवणारा अख्ख्या जॉर्जियात सापडला नसता.

हेडरिक २००२ साली गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून काही डिस्क काढल्या. थोड्या घरच्यांना आणि मित्रांना दिल्या, थोड्या संग्रहालयाच्या निधीसाठी विकल्या. भाच्याने हे सहज सांगितलं आणि पस्तावला. कारण त्यानंतर पायाशी कुठलीही डिस्क आली, की ही आधी वाकून तिला नमस्कार करायची आणि मग उचलायची.

"मामी, ही त्यातली नाही. ही मी दुकानातून पंधरा डॉलरला आणलीय."

"असू दे रे. पाय लागला ना!"

खरं सांगायचं तर या खेळात फेकायला दोन सेकंद लागतात आणि बाकी सगळा वेळ शोधाशोध असते. म्हणून ज्याला फेकता येतं त्याच्यापेक्षा ज्याला सापडतं तो मोठा. अशा माणसाला स्पॉटर म्हणतात. तो पुढे जाऊन उभा राहतो आणि डिस्क कुठे पडली यावर डोळा ठेवतो. हे काम आमच्याकडे हिने आपणहून घेतलं. तीस वर्षं "अहो, तिथेच आहे, नीट बघा" हे वाक्य ऐकणाऱ्या नवऱ्यांना पुढचं सांगायला नको. पाइनच्या सुयांखालून, ओढ्याच्या काठावरून, पोकळ खोडातून ती डिस्क काढत होती आणि तीन मिनिटं कधी पुरी लागली नाहीत. मागून आलेल्या गटातले दोन धिप्पाड दाढीवाले आमच्यामुळे खोळंबले होते. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर ते कुणी न सांगता झुडपात शिरले आणि माझी डिस्क शोधू लागले. शेवटी त्यांनी स्वतःचीही एक हरवलेली हिच्याकडून शोधून घेतली आणि जाताना तिला "मॅम" म्हणून टोप्या काढल्या. मला कुणी काही म्हटलं नाही.

आमच्या डिस्कबरोबर हिला दुसऱ्यांच्याही सापडल्या. डिस्कच्या पोटावर मालक आपलं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात आणि ज्याला ती मिळेल त्याने फोन करावा असा रिवाज आहे. संध्याकाळी तंबूबाहेर बसून हिने भाच्याच्या फोनवरून एकेकाला गाठलं. तिचं इंग्रजी सांगलीचं, त्यांचं जॉर्जियाचं, आणि तरी दोन्हीकडून इतकं खळखळून हसणं चाललं होतं की भाचा आणि मी गुमान पिठलं ढवळत राहिलो. एकाची डिस्क गेल्या हिवाळ्यात गेली होती. त्याने गाडी काढून येऊन ती नेली आणि बदल्यात पीच जॅमची बाटली दिली.

माझी मात्र एक केशरी ड्रायव्हर तिथेच राहिली आहे. ती हरवली तेव्हा ही चहा टाकायला गेली होती. वाचकांपैकी कुणी मुलाकडे, मुलीकडे, भाच्याकडे जॉर्जियात जाणार असेल तर कृपया वाइल्डवुडमधल्या हेडरिकच्या नावाच्या कोर्सवर डाव्या अंगाच्या झाडीत जरा नजर टाका. पोटावर देवनागरीत नाव आहे आणि सांगलीचा नंबर आहे. सापडली तर दुपारी एक ते चार सोडून कधीही फोन करा. फोन हीच उचलेल.