उदास लावलेली गिटार

मिसिसिपीतलं बेंटोनिया हे पाचशेच्या आतल्या वस्तीचं गाव. तिथे रेल्वेच्या रुळांजवळ 'ब्लू फ्रंट कॅफे' नावाची बसकी इमारत आहे. जिमी 'डक' होम्स यांच्या आईवडिलांनी 1948 मध्ये हे दुकान काढलं आणि 1970 पासून होम्स स्वतः ते चालवत आले आहेत. मालकच गवई, त्यामुळे मैफल नेमकी कधी सुरू झाली हे सांगणं अवघड. मघाशी गल्ल्यापाशी रेंगाळणारा माणूस खुर्चीवर टेकतो, गिटार मांडीवर घेतो. अजून तारा जुळताहेत अशा समजुतीने आपण पाय पसरून बसावं, तर दुसरं कडवं चालू असतं. ब्लूजच्या गाण्याला बारा बारची, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांची, चौकट असते असं पुस्तकं सांगतात. इथे ती चौकट गवयाच्या श्वासाइतकी, कधी आखूड तर कधी ऐसपैस.

गिटारही मुळातच मायनरमध्ये लावलेली. एकही बोट न ठेवता नुसता हात फिरवला, तरी ती घर भरून आलेले पाहुणे संध्याकाळी निघून गेल्यावर मागे उरलेल्या अंगणासारखी वाजते. म्हणजे दुःख आयतंच. गवयाने ते कुणाचं एवढंच सांगायचं. तारा लावण्याची ही रीत इथले जुने गवई हेन्री स्टकी यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या कॅरिबियन सैनिकांकडून उचलली, असं सांगतात. लढाईवरून माणसं काय काय आणतात! स्टकींकडून ती स्किप जेम्स या गवयाकडे गेली. जेम्सनी 1931 मध्ये पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं केली, पण मंदीत तबकड्या कोण घेणार? गवई विस्मरणात गेला. 1964 मध्ये तीन गिटारवेड्या तरुणांनी त्यांना इस्पितळाच्या खाटेवर शोधून काढलं आणि त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला बसवलं. दुखणाइताला असं उठवून कुणी गाणं मागितलं, तर आपल्याकडे घरच्यांनी काठीच काढली असती.

होम्स हे त्याच घराण्यातले, जॅक ओवेन्सच्या तालमीतले. मी कॅफेत गेलो त्या संध्याकाळी ते विरहाचं काहीतरी गात होते आणि आम्ही सगळे थंड बाटल्या हातात धरून, अत्यंत सुखाने, पायांनी ठेका देत होतो. एका वळणावर माझ्या तोंडून "क्या बात है!" निसटलं. शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनी अर्थ विचारला नाही. मान हलवून ते म्हणाले, "येस सर!" आणि बाटली माझ्या बाटलीला टेकवली.