कनिष्ठिकाघातमीमांसा

अनवाणी व घाईत असलेल्या गृहस्थाच्या पायाची करंगळी, वर्षानुवर्षे एकाच जागी असलेल्या पलंगाच्या पायावर आपटल्याने जी वेदना उद्भवते, तीस ‘कनिष्ठिकाघात’ अशी संज्ञा आहे. कालच हलवलेल्या पलंगावर आपटणे हा केवळ अपघात होय. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. करंगळी सुजून काळीनिळी पडल्यास तो विषय अस्थिरोगतज्ज्ञाचा.

ही वेदना द्विविध.

१. आशुवेदना. ही ए-डेल्टा तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावते. स्वरूप सणकेचे.

२. मंदवेदना. ही सी-तंतूंतून सेकंदाला अर्धा ते दोन मीटर अशा सावकाश चालीने येते. स्वरूप ठणक्याचे.

पायाची बोटे मेंदूपासून सर्वांत दूर वसली असल्याने या दोहोंत सुमारे सेकंदभराचा अवकाश पडतो. यास ‘प्रतीक्षाक्षण’ म्हणावे. या क्षणी रुग्ण एका पायावर उभा, ओठ आवळून, थोरल्या वेदनेची वाट पाहत असतो. ‘आई गं’ हा उद्गार नेमका कोणत्या वेदनेचा, हा या शास्त्रातला सर्वांत जुना वाद. आमच्या मते ‘आ’ पहिलीचा. ‘ई गं’ दुसरीचा.

उपचारांत मर्दनवादी अग्रगण्य. ते करंगळी मुठीत धरून चोळतात. मेलझॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या द्वारनियंत्रण सिद्धान्ताचा त्यांस आधार आहे: स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतले वेदनेचे दार काहीसे लोटले जाते. फुत्कारवादी फुंकर घालतात. परंतु वयपरत्वे पोट आडवे येऊन हा संप्रदाय क्षीण होत जातो. दण्डवादी पलंगालाच चापट मारतात. बालरुग्णास याने तत्काळ गुण येतो, प्रौढाचा मात्र हातही दुखू लागतो.

उरला दोषदर्शी संप्रदाय. हा आतल्या खोलीतून चालतो आणि ‘बघून चालता येत नाही का?’ हे त्याचे एकमेव सूत्र. औषधी गुण शून्य, अनुयायी घरोघरी.

मापनाची अडचण मोठी आहे. शून्य ते दहाच्या प्रचलित पट्टीवर रुग्ण प्रथम अकरा सांगतो, पाच मिनिटांनी दोन, आणि चहा घेताना पलंगाचा पायच मुळात वाकडा असल्याचे सिद्ध करतो. तथापि इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन या संघटनेने २०२० च्या सुधारित व्याख्येसोबत स्पष्ट नोंदवले आहे, की व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा मान राखला जावा. दोषदर्शींनी याची दखल घ्यावी, आणि ‘पलंगाला काही झालं नाही ना?’ ही पृच्छा निदान ठणका ओसरेपर्यंत तहकूब ठेवावी.